उसनें सुख : ‘पण लक्षांत कोण घेतो?’ पुन्हां वाचतांना

कांहीं पुस्तकांचें नांवच इतकें भाग्यवान् असतें कीं, पुस्तक मागें पडलें तरी नांव चालत राहतें. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीचें असेंच झालें आहे. ज्यांनीं या पुस्तकाचें एक पानही उलटलेलें नाहीं असे सद्गृहस्थ सभेंत, पत्रव्यवहारांत, फार काय, नळाला पाणी येत नाहीं या तक्रारीच्या शेवटींही हे चार शब्द सहज टाकून देतात. म्हणीची योग्यता लाभणें हा ग्रंथकाराचा मोठाच सन्मान होय. परंतु त्यांत एक तोटाही आहे. प्रश्नाची म्हण झाली कीं तिला उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाहीं. हरिभाऊंनीं मात्र हा प्रश्न उत्तरासाठींच विचारला होता. आणि तो नक्की कोणास विचारला होता, हें पाहण्यासाठीं प्रस्तुत लेखाचा खटाटोप आहे.

आम्ही ही कादंबरी तीन वेळां वाचली. पहिल्या वेळीं ती वाचली म्हणण्यापेक्षां ऐकली, असें म्हणणें अधिक खरें. तो प्रसंग पुढें येईलच. दुसऱ्यांदा ती कॉलेजांत वाचली, आणि तिसऱ्यांदा आतां उतारवयांत. प्रत्येक वाचनाच्या वेळीं आम्हांस निराळेंच माणूस दोषी दिसलें. लहानपणीं सगळा राग शंकरमामंजींवर आला. तरुणपणीं व्यक्तींवर रागावणें पोरकटपणाचें वाटूं लागलें आणि आम्ही रूढीवर, शास्त्रावर, समाजावर रागावलों. असा राग करण्यास खर्च कांहींच येत नाहीं. आतां म्हातारपणीं मात्र राग कोणावर करावा हेंच कळेना. कारण या कथेंतील भल्या माणसांच्या चेहऱ्यांत आम्हांस आमचा चेहरा दिसूं लागला. या तिसऱ्या वाचनाची हकीकत येथें सांगावयाची आहे. परंतु त्यापूर्वीं हें पुस्तक ज्या काळांत जन्मलें तो काळ वाचकांनीं थोडा डोळ्यांपुढें आणला पाहिजे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ चा. त्यांनीं पुण्यास १८९० च्या नोव्हेंबरांत ‘करमणूक’ हें साप्ताहिक सुरू केलें, तेव्हां ते अवघे २६ वर्षांचे होते. त्याच पत्रांतून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली आणि १८९३ सालीं तिचें पुस्तक निघालें. म्हणजे आज आपण जी कथा चार-दोन बैठकींत संपवितों, ती तेव्हांच्या वाचकांच्या घरांत हप्त्याहप्त्यानें येत होती, आणि दोन हप्त्यांच्या मध्यें इतर पत्रेंही येत होतीं. एका बाजूस ‘केसरी’, दुसऱ्या बाजूस आगरकरांचा १८८८ त निघालेला ‘सुधारक’. आणि दोहोंत संमतिवयाच्या बिलावर रणकंदन माजलेलें. मुलीच्या संमतीचें वय १० वरून १२ वर न्यावें कीं नाहीं एवढाच काय तो प्रश्न. परंतु त्यापायीं पुण्यांत सभा उधळल्या गेल्या आणि स्नेह्यांत वैर आलें. अखेर १९ मार्च १८९१ रोजीं तो कायदा पास झाला. त्याच्या आधीं रखमाबाईंचा खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत मुंबईंत गाजला होता. लहानपणीं लावून दिलेल्या नवऱ्याच्या घरीं जाण्यापेक्षां आपण तुरुंग पत्करूं, असें या धीट बाईनें १८८७ त कोर्टाच्या हुकुमावर सांगितलें होतें. पंडिता रमाबाईंनीं १८८९ त मुंबईस शारदासदन काढलें व पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आणलें. त्या सदनांत शिकलेल्या गोदूबाई या विधवेशीं धोंडो केशव कर्वे यांनीं मार्च १८९३ त विवाह केला. म्हणजे आपल्या कादंबरीचें पुस्तक निघालें त्याच वर्षीं.

या सर्व वादांत शास्त्री बोलत होते, वकील बोलत होते, संपादक बोलत होते. जिच्याविषयीं हा वाद, ती मुलगी मात्र बहुतेक वेळां व्याकरणांतल्या तृतीय पुरुषांत उभी होती. ‘तिचें’ वय काय असावें, ‘तिला’ शिकवावें कीं नाहीं, नवरा वारल्यावर ‘तिनें’ कसें राहावें, हें सगळें तिच्या डोक्यावरून बोललें जाई. हरिभाऊंनीं एक साधी गोष्ट केली. त्यांनीं तिला प्रथम पुरुषांत आणलें. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही यमूनें स्वतः सांगितलेली यमूची हकीकत आहे. आज ही युक्ति आपणांस फार सोपी वाटते. परंतु सोमवारीं ज्या घरांत संमतिवयाच्या बिलावर वाद झाला असेल, त्याच घरांत त्याच आठवड्यांत ‘मी’ म्हणून बोलणारी ही मुलगी येऊन बसली, तेव्हां त्या बैठकीचा रंग कांहीं तरी पालटला असेल, यांत आम्हांस शंका वाटत नाहीं.

विधवांचें दुःख मराठी कथेंत यापूर्वीं आलें नव्हतें असें नाहीं. मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख करितात, ती बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. आणि योगायोग असा कीं, तिच्याही नायिकेचें नांव यमुनाच आहे. ती यमुना आपल्या सुधारक नवऱ्याबरोबर प्रवासास निघते, ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकते, आणि तिच्या द्वारें ग्रंथकार आपला धर्मोपदेश वाचकांपर्यंत पोंचवितो. तळमळ खरी आहे. पण त्या विधवा साक्षीदारांप्रमाणें एकामागून एक पुढें येतात, आपली जबानी देतात आणि निघून जातात. तीस-पस्तीस वर्षांनंतरच्या यमूला पर्यटन करावें लागत नाहीं. पहिली यमुना दुःख पाहावयास घराबाहेर पडते. दुसरीला तें माजघरांत, ओटीवर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भेटतें, आणि बहुधा तें जवळच्या माणसाच्या रूपानेंच भेटतें.

आमच्या मतें या पुस्तकाचें खरें मर्म येथें आहे. दुष्ट माणसें दुष्टपणा करितात, ही कांहीं सांगण्यासारखी बातमी नव्हे. यमूच्या घरांत बापाचा धाक आहे, आईची सोशीकता आहे, दादाची माया आहे, वडीलधाऱ्यांचें लक्ष आहे. या घरांत मुलीचा कोणी द्वेष करीत नाहीं. आणि तरीही तिच्या जन्माबरोबर तिच्याविषयींचीं सगळीं मतें तयारच असतात. जुन्या घरांत वाढलेल्या वाचकांस तीं पाठच असतील. मुलीच्या जातीला एवढें हंसणें शोभत नाहीं. बायकांची अक्कल चुलीपाशीं. शिकून काय मामलेदार व्हायचें आहे? हीं वाक्यें कोणी रागानें म्हणत नसे. तीं वेणी घालतांना, ताट वाढतांना, डोक्यावरून हात फिरवितांना म्हटलीं जात. पूर्वग्रह म्हणजे न तपासतां अगोदरच धरलेलें मत, अशी आपण व्याख्या करितों. परंतु तें मत मायेच्या हातानें भरविलें जातें, म्हणून तें थुंकून टाकणें इतकें कठीण जातें, हें व्याख्येंत येत नाहीं. तें कळण्यास कादंबरीच लागते.

या सांच्यांतून पुरुषांचीही सुटका नव्हती. बायकोशीं मोकळेपणानें बोलणारा, तिला वाचावयास शिकविणारा नवरा दिसला कीं, हा बायकोच्या ओंजळीनें पाणी पितो, असें म्हणून त्याचे समवयस्कच त्याला हिणवीत. दरारा नसेल तो पुरुष कसला, ही समजूत बायकांच्या मुखींही तितकीच असे. म्हणून यमूच्या बापाचा धाक हा त्याच्या एकट्याचा स्वभाव नव्हे. घरच्या कर्त्या पुरुषानें कसें असावें याचा जो नमुना त्याला मिळाला होता, तो त्यानें जन्मभर गिरविला. आईनें सोसावयाचा नमुना गिरविला. दोघेंही आपापला धडा पाठ म्हणत आहेत, असें पुन्हां वाचतांना वाटलें, आणि मग रागाच्या जागीं दुसरेंच कांहीं मनांत आलें.

यमूची मैत्रीण दुर्गी. दोघी बरोबरच्या; बालपण, खेळ, वळण यांत दोघींत फारसा फरक नाहीं. पुढें दुर्गीला नवरा वाईट मिळतो आणि यमूला चांगला. या दोन संसारांचा विरोध ग्रंथकारानें मुद्दाम साधला आहे, हें शाळकरी वाचकालाही समजतें. रघुनाथराव सुशिक्षित, मायाळू, सुधारणेच्या मतांचा. त्याच्या उत्तेजनानें यमू वाचूं लागते, विचार करूं लागते. दोघें मुंबईस बिऱ्हाड करितात, तेथें समविचारी मित्रमंडळी जमते, आणि कांहीं दिवस असे जातात कीं, वाचकाला वाटतें, चला, एकीचें तरी भलें झालें. कॉलेजांत असतांना आम्हीं या प्रकरणांखालीं आनंदानें रेघा मारल्या होत्या. सुधारणा म्हणजे हीच, आणि आपणही पुढें रघुनाथराव व्हावें, असा आमचा तेव्हांचा संकल्प होता.

तिसऱ्या वाचनांत त्याच रेघांवर आम्ही थबकलों. यमूच्या या सुखांत यमूचें असें काय होतें? घर नवऱ्याचें, मुंबईस राहण्याची परवानगी नवऱ्याची, पुस्तकें नवऱ्यानें आणलेलीं, बाहेर जावयाचें तें नवऱ्याच्या संमतीनें. दुर्गीला वाईट धनी मिळाला, यमूला चांगला मिळाला. परंतु धनी दोघींनाही होता. दोघींच्या भाग्यांत जें अंतर पडलें, तें गुणांचें अंतर नव्हे. सोडतींत निघालेल्या चिठ्ठीचें अंतर होय. आणि सोडतीचें बक्षीस हें कमाईसारखें आपलें नसतें, हें पुढें लवकरच दिसून येतें. रघुनाथरावाचा अकालीं मृत्यु होतो, आणि त्या एका श्वासाबरोबर सगळेंच थांबतें. तीच यमू, तीच तिची बुद्धि, तेंच तिचें वाचन. पण आतां ती कोठें राहील, काय खाईल, कोणतें वस्त्र नेसेल, डोक्यावर केस ठेवील कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या हातांत जातो. तो हात शंकरमामंजींचा आहे. तिच्या इच्छेविरुद्ध, बळजबरीनें तिचें केशवपन होतें.

हा प्रसंग मराठी वाङ्मयांतील अत्यंत दारुण प्रसंगांपैकीं एक म्हणून प्रसिद्ध आहे. लहानपणीं आम्हांस वाटे, रघुनाथराव चांगला आणि शंकरमामंजी वाईट, एवढीच ही गोष्ट. आतां वाटतें कीं, रघुनाथरावाजवळ जो अधिकार होता, तोच अधिकार शंकरमामंजींच्या हातीं आला. फक्त हात बदलला. चांगल्या माणसानें तो मायेनें वापरला, वाईट माणसानें दुष्टपणें वापरला. परंतु एका माणसाच्या सगळ्या आयुष्यावर दुसऱ्याचा असा अधिकार असावाच कां, हा प्रश्न रघुनाथरावाच्या हयातींत कोणास सुचला नाहीं. कारण तेव्हां सगळें गोड चाललें होतें. यमूचें सुख उसनें होतें. उसनें देणारा उदार होता म्हणून तें उसनें आहे, याचा विसर पडला इतकेंच.

आतां प्रश्न असा कीं, हें लक्षांत घेतलें कोणीं? येथें इतिहासांतील एक गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. केशवपनास वस्तरा लागतो, आणि वस्तरा धरणारा हात लागतो. १८९० सालीं, म्हणजे ‘करमणूक’ निघालें त्याच वर्षीं, मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें न्हाव्यांनीं सभा भरवून, विधवांच्या डोक्यावर आपण वस्तरा चालविणार नाहीं, असा निश्चय केला. लोखंडे हे ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणीकामगारांचे पुढारी आणि जोतीरावांच्या सत्यशोधक परंपरेंतले. ज्या जोतीरावांनीं १८६३ त पुण्यास बालहत्या-प्रतिबंधक गृह काढून फसलेल्या ब्राह्मण विधवांच्या बाळंतपणाची सोय केली, ते २८ नोव्हेंबर १८९० रोजीं वारले. हाही तोच महिना. सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत शास्त्रार्थ चालला असतां, ज्यांस शास्त्र वाचण्याचा अधिकारच नाकारला होता, त्यांनीं तो प्रश्न हत्यार खालीं ठेवून सोडवून दाखविला. हरिभाऊंची कादंबरी पांढरपेशा वाड्याच्या चार भिंतींत राहते, हा तिच्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु त्या भिंतींबाहेर तिच्या प्रश्नाला उत्तर देणारीं माणसें होतीं, हें आपण वाचकांनीं तरी विसरूं नये.

दुसरा आक्षेप असा घेतात कीं, पुरुषानें ‘मी’ म्हणून बाईची कहाणी कशी सांगावी? या आक्षेपांत तथ्य आहे. बायका त्या काळीं मुक्या होत्या असें मुळींच नाहीं. ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ त लिहिली, आणि ती हरिभाऊंच्या कोणत्याही पानापेक्षां अधिक तिखट आहे. रखमाबाईंनीं १८८५ त वर्तमानपत्रांत पत्रें लिहिलीं; पण तीं ‘एक हिंदु स्त्री’ या नांवानें. काशीबाई कानिटकर या हरिभाऊंच्या स्नेही. लग्नानंतर नवऱ्याच्या आग्रहावरून त्या वाचावयास शिकल्या आणि पुढें स्वतः ग्रंथकर्त्या झाल्या. त्यांच्यासारख्यांच्या सहवासांतून व पत्रव्यवहारांतून हरिभाऊंना घराच्या आंतल्या बाजूची ओळख झाली असल्यास नवल नाहीं. पण गंमत पहा. १८९० त पुरुषानें बाईचा आवाज घेऊन लिहिलें, तेव्हां त्याचा गौरव झाला; १९३३ त ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध करून एका बाईनें सुशिक्षित कुमारिकांचें मन उघडें केलें, तेव्हां तिला विभावरी शिरूरकर या टोपणनांवाआड लपावें लागलें, आणि केवढा गदारोळ उठला! ‘मी’ म्हणण्यांत धोका कोणास होता आणि कोणास नव्हता, हें या दोन सालांवरून ध्यानांत यावें. कादंबरींत दोषही पुष्कळ आहेत. ती पाल्हाळिक आहे, आणि शंकरमामंजी अनेकदां नाटकांतल्या खलपुरुषासारखे काळेकुट्ट होतात. ही शेवटची गोष्ट आम्हांस विशेष खटकते. कारण वाचकास द्वेष करावयास एक दुष्ट मिळाला कीं, तो स्वतःला निर्दोष समजून पुस्तक मिटतो.

निर्दोषपणाचा विषय निघाला म्हणून आतां तो पहिल्या वाचनाचा प्रसंग सांगतों. देश स्वतंत्र झाल्यानंतरचीं ती दोन-तीन वर्षें असावीं. आमच्या जुन्या घराच्या माजघरांत दुपारीं बायका जमत आणि आमची आई मोठ्यानें वाची. आम्ही आठ-नऊ वर्षांचे. दारापाशीं भोंवरा घेऊन बसत असूं. कोपऱ्यांत आजोबांची बहीण, जिला घरांतलीं सगळीं आक्का म्हणत, ती कापसाच्या वाती वळीत असे. अंगावर अलवण, पदर कपाळापर्यंत ओढलेला. तिला केस नसतात, हें आम्हांस माहीत होतें. पण ज्याप्रमाणें देवघराला खिडकी नव्हती, त्याप्रमाणें आक्काला केस नव्हते, यापलीकडे त्याचा कांहीं अर्थ असेल असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. यमूच्या केशवपनाचें प्रकरण आलें त्या दिवशीं आईचा आवाज अडखळला आणि तिनें पुस्तक खालीं ठेवलें. बायका डोळे पुशीत होत्या. आक्काच्या वाती चालूच होत्या. थोड्या वेळानें ती एवढेंच म्हणाली, “तिला निदान लिहितां येत होतें.” नंतर ती उठली आणि तांदूळ निवडावयास गेली.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनीं, घरांत कोणी नाहीं असें पाहून, आक्कानें आम्हांस जवळ बोलाविलें आणि पाटीवर तिचें नांव लिहून दाखवावयास सांगितलें. तिचें नांव काय, हें आम्हांस तिलाच विचारावें लागलें. आम्हीं तें लिहिलें. ती कितीतरी वेळ त्याकडे पाहत होती, मग म्हणाली, “हें मला गिरवून दे.” बाहेर मुलें हांका मारीत होतीं. “उद्यां शिकवतों हं,” असें म्हणून आम्ही पळालों. दुसऱ्या दिवशीं आम्ही विसरलों. तिनें पुन्हां कधीं विचारलें नाहीं. पुढें एक-दोन वर्षांनीं ती वारली. मोठेपणीं आम्हीं हिशेब करून पाहिला. आक्का तेराव्या वर्षीं विधवा झाली. म्हणजे ज्या सालीं यमूची कहाणी पुस्तकरूपानें बाहेर पडली, साधारण त्याच सुमारास आमच्या आक्काच्या डोक्यावर वस्तरा फिरला. पण लक्षांत कोण घेतो, हा प्रश्न आमच्या घरांत पुस्तकांतून मोठ्यानें वाचला गेला आणि कोपऱ्यांतून हळू आवाजांत विचारला गेला. पुस्तकाच्या प्रश्नावर सगळे रडले. कोपऱ्यांतल्या प्रश्नाला आम्हीं ‘उद्यां’ म्हटलें.

आक्काच्या त्या एका वाक्याचा अर्थ समजावयास आम्हांस साठांवर वर्षें लागलीं. यमूचें घर गेलें, नवरा गेला, केस गेले. परंतु अक्षर गेलें नाहीं. तें नवऱ्याच्या उत्तेजनानें आलेलें असलें तरी एकदां आल्यावर तें तिचें झालें. तें कोणास काढून घेतां आलें नाहीं. आणि त्याच्याच बळावर तिची कहाणी आपणांपर्यंत पोंचते, अशीच या कादंबरीची रचना आहे. माया करणाऱ्या माणसानें दिलेल्या सर्व वस्तूंत, जी वस्तु देणाऱ्याच्या मागें टिकते, तीच खरी दिलेली. बाकीची सगळी उसनी. हा भेद आमच्या पंडितांस उमगला नव्हता. निरक्षर आक्काला उमगला होता.

कायद्याचा इतिहास हा एका दृष्टीनें याच भेदाचा इतिहास आहे. १८५६ च्या कायद्यानें विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक मिळाली. पण तिनें पुन्हां लग्न केल्यास पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील तिचा हक्क त्याच कायद्यानें काढून घेतला. एका हातानें दिलें, दुसऱ्यानें घेतलें. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय किमान १४ ठरविलें. १९३७ सालीं मुंबईच्या डॉ. गोपाळ विनायक देशमुख यांच्या खटपटीनें विधवेस नवऱ्याच्या मिळकतींत मुलाइतका हिस्सा मिळाला. पण तो केवळ हयातीपुरता. डॉ. आंबेडकरांनीं हिंदु कोड बिलासाठीं जिवाचें रान केलें आणि तें रखडलें म्हणून १९५१ त मंत्रिपद सोडलें. त्यांतील वारशाचा भाग १९५६ त कायदा झाला, तेव्हां बाईची मिळकत तिच्या पूर्ण मालकीची ठरली. वडिलार्जित एकत्र मिळकतींत मुलीला जन्मतःच मुलाबरोबरीचा वाटा महाराष्ट्रानें १९९४ त दिला आणि सगळ्या देशानें २००५ त. येथपर्यंत येण्यास १८५६ पासून दीडशें वर्षें लागलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे आपल्या प्रगतीचा अभिमान थोडा आवरतो.

तरी कायद्यानें जें सुटतें तें माजघरांत अडकून राहतें. मे २०२२ त कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामपंचायतीनें ठराव केला कीं, नवरा वारल्यावर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या प्रथा गांवांत बंद व्हाव्या. ठराव अत्यंत स्तुत्य आहे, आणि राज्य सरकारनेंही इतर गांवांस त्याचें अनुकरण करण्यास सांगितलें. पण १८९० त वस्तरा खालीं ठेवला गेल्यावर १३२ वर्षांनीं असा ठराव करावा लागावा, हें वाचून आम्हांस हर्ष आणि लाज दोन्हीं एकदमच वाटलीं. कुंकू लावावें कीं पुसावें, हें त्या बाईनें ठरवावयाचें. तें गांवानें, दिरानें, सासूनें ठरविण्याची संवय जाणें हीच अवघड गोष्ट आहे.

ही संवय दुसऱ्यांच्या घरांत शोधावयास आम्ही निघालों होतों. ती आमच्याच घरांत सांपडली. आमच्या पत्नीनें लग्नानंतर बी. ए. चा अभ्यास पुरा केला. ‘आम्हीं तिला शिकूं दिलें’ हें वाक्य आम्ही चाळीस वर्षें चारचौघांत सांगत आलों. अभ्यास तिनें केला, पहांटे उठून स्वयंपाक उरकून परीक्षेस ती गेली. आणि कौतुक मात्र आमच्या वांट्यास आलें. तिनें त्या वाक्यास कधीं हरकत घेतली नाहीं. तें वाक्य आलें कीं ती चहा ठेवावयास आंत जाई, एवढें आम्हांस आतां आठवतें. गेल्या दिवाळींत एका पाहुण्यांस आम्ही असेंच म्हणालों, “आमच्या घरीं मुलींना पहिल्यापासून सगळी मोकळीक दिलेली आहे.” आमची नात जवळच बसली होती. ती शांतपणें म्हणाली, “आजोबा, दिली म्हणजे? आधीं ती कोणाची होती?”

पाहुणे हंसले, आम्हीही हंसलों. परंतु त्या रात्रीं झोंप लागली नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं कपाटांतून यमूची कहाणी काढली. हें तिसरें वाचन असें घडलें. रघुनाथराव व्हावें हा तरुणपणींचा आमचा संकल्प कांहीं अंशीं पुरा झाला असेल. पण रघुनाथरावाच्या घरांतही यमूला मोकळीक मिळावीच लागत होती, ती तिची नव्हती, हें त्यांस कळलें नाहीं आणि आम्हांसही कळलें नाहीं. शंकरमामंजींस ओळखणें सोपें आहे. स्वतःच्या चांगुलपणांतला धनीपणा ओळखणें कठीण, आणि तो दाखवून देण्यासाठीं घरांतल्याच कोणीतरी लहान माणसानें प्रश्न विचारावा लागतो.

असो. ज्या घरांत हें पुस्तक कपाटांत असेल त्यांनीं तें पुन्हां बाहेर काढावें. आणि शक्य तर एकट्यानें न वाचतां, पूर्वींच्या रीतीप्रमाणें घरांतल्या लहानथोरांत बसून मोठ्यानें वाचावें, अशी वाचकांस विनंती आहे. यमूसाठीं डोळ्यांत पाणी येईल. तें आलेलें चांगलेंच. पण वाचन चाललें असतां कोपऱ्यांत कोण काय म्हणतें, तिकडेही कान असावा. आमचा तो कान त्या दुपारीं बाहेरच्या खेळाकडे होता, आणि पाटीवरचें नांव गिरवावयाचें राहून गेलें.